खानाची परात

टेक्सासमधल्या आमच्या प्लेनो गावात पायी चालणारा माणूस दिसला की पोलिसांना वाटतं, ह्याची एक तर गाडी बिघडलीय, नाही तर डोकं. आमचे खान भर जूनमध्ये, काळी छत्री उघडून, हायवेच्या कडेच्या रस्त्याने ऑफिसला चालत यायचे. एकदा पोलिसाने गाडी आडवी घालून विचारलं, "तुमची गाडी कुठाय?" खान म्हणाले, "माझा घोडा सध्या मित्राकडे आहे." टेक्सास पडलं, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "कुठल्या जातीचा?" त्याने आपुलकीने विचारलं. "टोयोटा," खान म्हणाले. मग मात्र त्याने लायसन्स मागितलं.

तो घोडा म्हणजे त्यांची जुनी कॅमरी, आणि ती त्या वेळी माझ्याकडे होती. मी सोलापूरची. पुण्याला इंजिनिअरिंग केलं आणि लग्न होऊन थेट इथे आले. नवरा युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता, त्याच्या स्टायपेंडमध्ये गाडी बसत नव्हती. मला टेलिकॉम कंपनीत नोकरी लागली, त्या पहिल्याच दिवशी मॅनेजरने, म्हणजे खानांनी, किल्ली माझ्या हातात ठेवली.

"लायसन्स आहे ना? मग घेऊन जा."

"आणि तुम्ही, काका?"

"मला पाय आहेत."

टीममध्ये जो नवा, बिनगाडीचा, त्याच्याकडे त्यांची गाडी, असा नियमच होता. माझ्याआधी ती एका तमिळ मुलाकडे होती. त्याने मागच्या सीटवर सांबार सांडलं होतं. तेव्हापासून आम्ही त्याला सांबारच म्हणायचो, आणि तोही ओ द्यायचा. गाडीतला वास काही गेला नाही.

खान हे त्यांचं नाव नव्हे. ते पुण्याचे, सोवळ्या घरातले, सत्तर-बहात्तर साली इकडे आलेले. कामाने इंजिनिअर, पण जीव सगळा जुन्या कागदांत आणि जुन्या शब्दांत. आणि त्या शब्दांतही एकच शब्द त्यांच्या मानगुटीवर बसला होता. 'नोकर'. त्या शब्दापायी ते मंगोलांच्या खानाच्या इतक्या गोष्टी सांगायचे, की सांबारने त्यांना खान म्हणायला सुरुवात केली आणि मग ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं. टीममधली डेबी तर बिचारी वर्षभर तेच त्यांचं आडनाव समजत होती.

"नोकर हा शब्द आपल्याकडे मंगोलांकडून आला," ते सांगायचे. कोणी विचारलेलं नसलं तरी सांगायचे. "त्यांच्यात नोकोर म्हणजे खानाचा सोबती. आपलं कूळ सोडून स्वखुशीने त्याच्याकडे आलेला. खानाच्या तंबूत झोपणार, खानाच्या ताटात जेवणार. खानाचा घोडा पडला तर आपला देणार, आपला पडला तर खानाचा घेणार. आणि खान नालायक निघाला तर उठून चालायला लागणार! मग हा शब्द फारसीत शिरला, तिथून दिल्लीच्या बादशाहीत आला. तिथे तो झाला पगारी घोडेस्वार. तरी कमरेला तलवार होती हं. आपले सरदारसुद्धा स्वतःला नोकर म्हणवायचे, मान खाली न घालता. मग आला इंग्रज. त्याने तलवार काढून घेतली आणि हातात पंख्याची दोरी दिली. तंबूतला माणूस सरकवत सरकवत मोरीपाशी आणून बसवला."

इथे ते थांबायचे आणि चष्मा पुसायचे. मग ठरलेलं पुढचं वाक्य यायचं.

"आणि गंमत बघ, नोकरी मात्र वर गेली. मुलाला नोकरी लागली की पेढे वाटतात. पण मुलगा नोकर आहे असं सांगून बघा कुठल्या मुलीच्या बापाला!"

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, हे सगळं पाठ होतं. काकू मुलांच्या डॉक्टर. कोणी घरी आलं की आधीच सांगून टाकायच्या, "ह्यांना इतिहास झालाय. त्यावर औषध निघालेलं नाही." एकदा खान म्हणाले, मंगोलियात आजही नवऱ्याला हाच शब्द वापरतात. "मग बरोबर आहे," काकू म्हणाल्या, "उठा, भांडी घासा." खानांनी खरोखर बाह्या वर केल्या आणि उठले.

पण हा नुसता बोलघेवडा माणूस असता तर मी त्यांना कधीच विसरले असते. ते आपलं बोलणं अंगात घालून हिंडायचे, तीच तर पंचाईत होती. त्यांच्या ऑफिसातल्या कपाटात, फायलींच्या मागे, एक मोठी स्टीलची परात होती. दर शुक्रवारी दुपारी ती परात मीटिंगच्या टेबलावर यायची आणि टीममधल्या सगळ्यांनी आपला डबा तिच्यात उलटा करायचा. सांबारचा दहीभात, माझी पोळी-भाजी, डेबीचं सँडविच, सगळं एका परातीत. खानाच्या ताटात नोकर जेवतात, म्हणून. पहिल्या शुक्रवारी डेबीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिने स्वतःभोवती कागदी नॅपकिनांचं कुंपण घातलं. एचआरकडून स्वच्छतेबद्दल ईमेल आला, तर खानांनी तो छापून परातीखाली अंथरला. काही दिवसांनी डेबी दहीभात हाताने कालवायला लागली. मला मात्र शेवटपर्यंत लाज वाटायची. काचेचा दरवाजा होता, बाहेरून जाणारे-येणारे बघायचे, आणि आम्ही आपले लग्नाच्या पंगतीत उरलेल्या मांडवकऱ्यांसारखे परातीभोवती वाकलेलो.

त्या सप्टेंबरनंतर, म्हणजे दोन हजार एकच्या, आम्ही कॅन्टीनमध्ये त्यांना खान म्हणून हाक मारायचं बंद केलं. टेक्सासमध्ये ते नाव मोठ्याने घ्यायची सोयच राहिली नव्हती. त्यांच्या लक्षात आलं.

"हाक मारायला लाज वाटते का गं आता?"

"भीती वाटते, काका."

"माझ्यासाठी की स्वतःसाठी?"

मी ट्रे उचलला आणि ठेवायला गेले. 

त्याच वर्षीच्या दिवाळीला इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या कॅफेटेरियात. जेवणाआधी प्रत्येकाने माइकवर येऊन ओळख करून द्यायची टूम निघाली. झालं! जो तो आपल्या पदव्यांची माळ घालून उभा. सीनियर डायरेक्टर, प्रिन्सिपल आर्किटेक्ट, चीफ अमुक, व्हाइस तमुक. बायका नवऱ्याची पदं नवऱ्यापेक्षा खणखणीत सांगत होत्या. खानांची पाळी आली. त्यांनी माइक हातात घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नमस्कार. मी नोकर."

लोक हसले. मग त्यांनी शब्दाचा इतिहास सुरू केला, मंगोलांपासून. पुऱ्या गार होत होत्या. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, बादशहा जेवायला थांबलेत, आटपा!" पुन्हा हशा. काकू पर्समध्ये काहीतरी शोधत खाली बघत बसल्या. माझे कान तापले होते, पण मला त्यांची लाज वाटत नव्हती. मला राग आला होता.

कारण तो शब्द मला त्यांच्याआधीपासून ठाऊक होता. माझे आप्पा सोलापूरला सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचे, बेल वाजली की आत जायचे. साहेबाची गाडी आली की पळत जाऊन आधी बॅग हातात घ्यायची, मग छत्री, मग डबा. साहेब उभा असेपर्यंत बसायचं नाही आणि साहेब बसला की तर बसायचंच नाही. दहावीला मी शाळेत पहिली आले, तेव्हा आप्पा मला पेढे घेऊन साहेबाच्या बंगल्यावर घेऊन गेले. साहेबीणबाईंकडे पाहुणे बसले होते. त्या कौतुकाने म्हणाल्या, "ही आमच्या नोकराची मुलगी बरं का. हुशार आहे हो!" आप्पा हसून मान डोलावत होते. परत येताना मी सायकलच्या कॅरिअरवर बसून रडत होते आणि आप्पांना वाटलं, पोरीला आनंदाने भरून आलंय.

सोमवारी मी खानांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

"काका, तुम्हाला परवडतं स्वतःला नोकर म्हणवून घेणं. तुम्ही तो शब्द हौसेने घालता आणि घरी जाऊन काढून ठेवता. माझ्या आप्पांनी तो जन्मभर घातलाय. त्यांना कोणी विचारलं नाही, हवाय का म्हणून."

त्यांनी चष्मा पुसला. मग अगदी त्यांच्यासारखंच बोलले.

"म्हणूनच तर. शब्दाची इज्जत परत आणायची तर ज्यांना लाज नाही वाटली त्यांनी तो आधी अंगावर घ्यायला हवा."

"आप्पांना नकोय परत आणलेला. तुम्हीच ठेवा," मी म्हटलं आणि निघाले. दाराशी पोचले तेव्हा मागून बारीक आवाजात आलं, "खरंय तुझं." पुढच्या शुक्रवारी परात निघाली, पण मंगोल निघाले नाहीत.

पुढची गोष्ट आधी सांगते. नंतरच्या वर्षी दिवाळीला मंडळात पुन्हा तोच माइक फिरला. खान उभे राहिले आणि म्हणाले, "मी टेलिकॉममध्ये आहे." एवढंच बोलून बसले. लोकांना वाटलं, काका सुधारले. एकाने टाळीसुद्धा वाजवली. काही वर्षांनी ते रिटायर होऊन लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले, आणि तोवरही मी त्यांच्या तोंडून तो शब्द पुन्हा ऐकला नाही. मंडळातल्या कोणालाच त्याचं कारण ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण मी त्या खोलीत होते.

झालं असं. दोन हजार दोन उजाडलं आणि टेलिकॉमचा बाजार उठला. आमच्या रस्त्यावरच्या मोठमोठ्या काचेच्या इमारती रिकाम्या व्हायला लागल्या. रोज कोणीतरी खोका घेऊन पार्किंगमध्ये उभं दिसायचं. आमच्या टीममध्ये सगळे निर्धास्त होते. खान आहेत ना! सांबार म्हणायचा, आधी ते स्वतः जातील, मग आपण. डेबीसुद्धा तसंच म्हणायची. मला मनातून वाटायचं, इतकी वर्षं एका परातीत जेवलेला माणूस कोणाचं नाव कसं देईल?

एका मंगळवारी मला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. त्याच टेबलापाशी, जिथे परात यायची. एचआरची बाई होती, तिच्यापुढे टिश्यूचा डबा होता. खान होते. त्यांनी कागद बघून बोलायला सुरुवात केली, आणि इंग्रजीत. मला नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याशी इंग्रजीत बोलत होते. कंपनीची परिस्थिती, कठीण निर्णय, तुझ्या योगदानाबद्दल आभार. मी म्हटलं, "काका, मराठीत सांगा ना." एचआरच्या बाईने विचारलं, ती काय म्हणाली? खानांनी कागदावरून मान वर केली नाही. वाचत राहिले.

गार्ड मला गाडीपर्यंत सोडायला आला. तोवर माझी स्वतःची गाडी आली होती, सेकंडहँड. खान खिडकीत असतील म्हणून मी वर बघितलं. नव्हते.

टीममधून दोघी गेलो, मी आणि डेबी. सांबार राहिला. पुढे त्यानेच मला फोनवर सांगितलं. खानांनी विचार केला होता म्हणे. नोकरी गेली तर सांबारला व्हिसा नाही, गाशा गुंडाळून परत जावं लागणार; डेबी इथलीच; आणि माझा नवरा विद्यार्थी, मी त्याच्या व्हिसावर देशात राहू शकते. हिशेब चोख होता, नाही कोण म्हणतं? म्हणजे माझं लग्न झालंय ह्याची मला शिक्षा. कंपनीने काढून दिलेला कामाचा व्हिसा गेला आणि माझ्या कागदांवर 'अवलंबित' असा शिक्का बसला, काम करायला मनाई. सोलापुरात आजवर जे कोणी मला म्हणायची हिंमत केली नव्हती, ते इथल्या सरकारने छापून दिलं.

आणि लाज! अहो, चोरी केल्यासारखी लाज. देशी दुकानात भाजी घेताना कोणी ओळखीचं दिसलं की मी डाळींच्या रांगेत शिरायचे. "सध्या कुठे आहेस?" असं कोणी विचारलंच तर "तिथेच" म्हणायचे. ज्यांना कळलं होतं ते सुतक असलेल्या घरी बोलतात तसे हळू बोलायचे आणि लवकर निघायचे. नवरा म्हणायचा, अगं, अर्ध्या गावाच्या नोकऱ्या गेल्यात. पण अर्ध्या गावाला माझे आप्पा नव्हते.

आप्पांचं तिकीट कधीचं काढलेलं होतं. आई गेल्यापासून ते एकटेच होते आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते. त्यांनी ताजमहाल बघितला नव्हता, अमेरिका बघायचीही हौस नव्हती. त्यांना एकच बघायचं होतं. दर रविवारच्या फोनवर तेच. "पोरी, तुझी खुर्ची बघायची मला. एवढी वर्षं साहेबांच्या खुर्च्या पुसल्या. माझ्या लेकीची खुर्ची एकदा डोळ्यांनी बघितली की झालं."

मला सांगताच आलं नाही. ते आले, मी म्हटलं रजा काढलीय. सुरुवातीला खूश झाले. चार दिवस गेले, आठवडा गेला, आणि शिपाईगिरीत मुरलेल्या माणसाला चैन पडेना.

"अजून रजाच?"

"हो आप्पा, इथे देतात."

"देत असतील गं. पण साहेब मनात धरतो. अर्ज दिलास का? मंजूर झाला का?"

सकाळी मी गाऊनमध्ये दिसले की त्यांचा चेहरा पडायचा. शेवटी त्यांनीच ठरवलं, साहेबांना भेटायचं, आभार मानायचे. त्यासाठी त्यांनी सोलापूरहून चादर आणली होती आणि कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सगळं बॅगेत वेगळं बांधून ठेवलेलं, साहेबांसाठी म्हणून. नवरा म्हणाला, आजच सांगून टाक. मी आप्पांच्या बॅगेकडे बघितलं. मग मान खाली घालून खानांच्या घरी फोन लावला.

काकूंनी उचलला. "तूच बोल बाई त्यांच्याशी. आमच्याशी तर बोलतच नाहीत. ती परातसुद्धा घरी आणून ठेवलीय, गच्चीवर पक्ष्यांना पाणी ठेवतात तिच्यात."

खान फोनवर आले. मी म्हटलं, "काका, आप्पांना माझी खुर्ची बघायचीय. तासभर द्या. त्यांना काही माहीत नाही."



"शनिवारी घेऊन ये," ते मराठीत म्हणाले.

शनिवारी ऑफिस रिकामं. खान दरवाजाबाहेर उन्हात उभे होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोठी कापडी पिशवी, तिच्यातून परातीची कड बाहेर आलेली. मी ओळख करून देणार, तेवढ्यात आप्पा लगबगीने पुढे झाले, वाकून नमस्कार केला, आणि मला काही समजायच्या आत खानांच्या हातातली पिशवी काढून घेतली. मग छत्री. सवयीने, जसा साहेबाची गाडी आल्यावर हात पुढे जायचा तसा. खान गडबडले. "अहो, राहू द्या, राहू द्या," म्हणाले, पण आप्पा दोन पावलं मागे सरून, सामान छातीशी धरून, चला साहेब म्हणून उभे राहिले. मग खान पुढे, त्यांच्या मागे परात घेतलेले माझे आप्पा, आणि सगळ्यांच्या मागे मी. त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. खानांची मान मला मागून दिसत होती, ती लाल झाली होती.

माझी जागा जशीच्या तशी होती. खानांनी ती पुन्हा मांडली होती. माझ्या नावाची पट्टी परत लावली होती; तिचा डिंक सुकला होता म्हणून एका कडेला टेप चिकटवलेली. माझा कप होता. एक कॅलेंडर होतं, त्याचं पान चालू महिन्याचं. आप्पा ती पट्टी बराच वेळ वाचत राहिले. इंग्रजी त्यांना अक्षर अक्षर जोडून वाचता यायचं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझी खुर्ची पुसली. आधी पाठ, मग हात, मग बैठक. त्यांची पद्धत मला माहीत होती, लहानपणी सुट्टीत कचेरीत जायचे तेव्हा पाहिलेली.

"बसा ना आप्पा, तुमच्या लेकीची खुर्ची आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कसातरी लागला.

"साहेबांपुढं? येडी का काय!"

खान आम्हाला मीटिंगच्या खोलीत घेऊन गेले. जेवायला. त्यांनी परात टेबलावर ठेवली, पुसली. आप्पांनी कडक भाकरीचं बोचकं सोडलं, चटणी काढली, चादर घडी करून खानांपुढे ठेवली आणि जाऊन दाराशी उभे राहिले. "तुम्ही घ्या साहेब, पोरीला घ्या. मी मागनं खातो."

"नाही, तुम्हीही या. आमच्याकडे सगळे एकत्र जेवतात," खान म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मला वाटलं आता मंगोल निघणार. नाही निघाले.

आप्पा पुढे आले, पण बसायला नाही. त्यांनी हात जोडले.

"साहेब, एक विनंती हाय. पोरीची रजा लांबली, ती माझ्यामुळं लांबली. म्हातारा आलाय म्हणून. तिच्या मनात तसं काही न्हाई, कामाला ती वाघीण हाय. तुम्ही जरा सांभाळून घ्या. वर काही जाऊ देऊ नका."

मी टेबलाखाली हाताच्या मुठी आवळल्या होत्या. एक 'हो' म्हणायचं होतं त्यांनी. 'काळजी करू नका' म्हटलं असतं की संपलं, आप्पा सुखाने सोलापूरला गेले असते. खान त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. मग उठून उभे राहिले.

"ती रजेवर नाही," ते म्हणाले. "तिला कामावरून काढलंय. तुम्ही यायच्या आधीच. मी काढलं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी चटणीकडे बघितलं. हात जोडलेले होते ते हळूहळू सुटले. त्यांनी टेबलाच्या टोकाची खुर्ची मागे ओढली, मोठ्ठा आवाज झाला, आणि ते बसले. न पुसता. माझ्या आप्पांना मी कुठल्याही साहेबापुढे बसलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. साहेब उभाच होता.

"वरनं आलं असंल," आप्पा म्हणाले.

"वरून दोन नावं मागितली होती. कोणाची, ते नव्हतं सांगितलं. तिचं नाव मी दिलं."

"काम बरं न्हवतं तिचं?"

"उत्तम होतं. मला माझं नाव देता आलं असतं. द्यायचं ठरवलंही होतं."

"मग?"

"धीर झाला नाही," खान म्हणाले.

 आप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग ते माझ्याकडे वळले.

"आणि तू? मला सांगायची लाज वाटली व्हय?"

"हो," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"लाजायचं तेवढं मी लाजून घेतलंय की जन्मभर. तू कशाला परत?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग खानांकडे बघितलं. खान अजून तसेच उभे होते, हात खाली सोडून, बेल वाजल्यावर आत आलेला माणूस उभा राहतो तसे.

"बसा साहेब," आप्पा म्हणाले. "उभ्यानं खाऊ नये."

"मला साहेब नका म्हणू," खान म्हणाले.

"मग काय म्हणू?"

मला तो शब्द ठाऊक होता. कॅफेटेरियात माइकवर म्हटलेला, शुक्रवारी परातीपाशी घोळवलेला, पुऱ्या गार करून ज्याचा इतिहास सांगितलेला. त्यांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तो त्यांच्या तोंडून ऐकायचा होता. ओठ हलले. आप्पा मान कलती करून थांबले होते, कमी ऐकू यायचं त्यांना. शब्द काही आला नाही.

खान खाली बसले. आप्पांनी भाकरी मोडली, तुकड्यावर चटणी घेतली आणि तो परातीत खानांच्या बाजूला सरकवला. खानांनी तो तुकडा उचलला आणि मान खाली घालून खाल्ला.